रूळ कापणार न्हाई

१९६४ साली मी एकोणतीस वर्षांचा होतो. तिसरीतून शाळा सुटलेली. पण नांगराचं तास दोरी लावल्यासारखं सरळ घालायचो, आणि ते घोटावड्यापासून कासारसाईपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. हे आधी लिहितो, कारण पुढची सगळी भानगड त्या तासावरूनच झाली.

दुसरंही आधीच सांगतो. भूत, लागीर, चकवा, यातलं मी काही मानत नव्हतो. आजही मानत नाही. गावात कुणाला चकवा लागला म्हणाले की मी विचारायचो, किती घेतली होती? तुमच्या सदरात लोक लिहितात, अमावास्या होती, वडाचं झाड होतं, पैंजण वाजले... माझ्या गोष्टीत यातलं काही नाही. शनिवारची दुपार होती, साडेतीन वाजले होते, लख्ख ऊन पडलं होतं आणि बघणारी तीन माणसं शुद्धीत होती. त्यातला मी एकटाच आता उरलोय. तेव्हा जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. पटलं तर घ्या.

पुण्याहून पौडाकडं जाताना भुकूमच्या अलीकडं, टेकडीच्या पायथ्याला एक दगडी बंगला होता. आता तिथं सोसायटी आहे, वॉचमन आत सोडत नाही. तेव्हा तिथं मी राखणीला होतो. बागेला पाणी घालायचं, बाजार आणायचा, पडेल ते काम करायचं. मालक रेल्वेतून रिटायर झालेले, सगळी नोकरी सिग्नलच्या खात्यात गेलेली. त्यांचं नाव लिहीत नाही, मागं त्यांची माणसं आहेत. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो आणि त्यांच्या पत्नीला बाई.

साहेबांना एकच नाद. बंगल्याच्या मागच्या लांब खोलीत त्यांनी खेळातली रेल्वे मांडायला घेतली होती. खेळातली म्हटलं की त्यांना राग यायचा. इंजिन परदेशातून आणलेलं, हातभर लांब, आत मोटर. पितळी रुळांच्या कांड्यांची पेटीच्या पेटी. त्यांचे हात थरथरायचे, म्हणून सगळं काम माझ्या हातानं. शिसवीच्या तुकड्यांतून मी रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे शेकडो स्लीपर कापले, एकेक घासून गुळगुळीत केला. लाकडी घोड्यांवर सागवानी फळ्या टाकल्या. फळ्यांच्या खालून लाल वायर आणि काळी वायर. बंगल्यावर वीज आलेली नव्हती, म्हणून एक लॉरीची बॅटरी होती. ती पुण्याच्या गॅरेजात चार्ज करून एस.टी.च्या टपावरून मी आणायचो.

तर रूळ कसा टाकायचा त्यावरून पहिलं वाजलं. साहेबांनी कागदावर लांबट गोल काढला होता. गाडी फिरणार आणि फिरत राहणार.

मी म्हणालो, "साहेब, ह्यो तर घाण्याचा बैल झाला. डोळं बांधून गरगर फिरतोय. गाडी म्हंजी कुटंतरी जायला पायजे आन माघारी यायला पायजे."

"मग तू कशी टाकशील?"

मी सुतळी घेतली, खिळे घेतले, आणि फळीवर नांगराचं तास आखलं. खिडकीपासून सरळ अठरा फूट. पलीकडं भिंतीशी, बैल बांधापाशी वळतो तसं मोठं गोल वळण. वळणाची दोन्ही टोकं सरळ रुळाला मिळतात त्या सांध्यावरून गाडी पुन्हा त्याच रुळावर यायची, तोंड इकडं करून. वळणाच्या मध्ये लाल मातीचा डोंगर करायचा म्हणजे गाडी क्षणभर दिसेनाशी होईल.

साहेबांनी वाकून सुतळीच्या रेषेला डोळा लावला. त्यांनी कधीतरी बाईंना शब्द दिला होता की पहिली गाडी तुझ्यापुढं येऊन उभी राहील, इंजिनाचं तोंड तुझ्याकडं. गोलावरून गाडी नुसती बाजूनं निघून गेली असती. ते म्हणाले, "वळण तुझं. पण मग रूळ कापावा लागेल."

"का म्हनून?"

"इकडं ये. या दोन रुळांतून वीज जाते. एक आणणारा, एक नेणारा. दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही. इंजिन मध्ये उभं राहून दोघांकडून घेतं, म्हणून चालतं. आता डाव्या रुळावर बोट ठेव आणि वळणावरून फिरवत आण... कुठं आलास?"

बोट फिरत फिरत सरळ रुळावर परत आलं, ते उजव्या बाजूला.

"उजव्यावर."

"म्हणजे डावा जाऊन उजव्याला भिडला. अबोला असलेल्या दोन भावांना एका ताटात बसवलंस. काय होईल?"

"दोगं बी जेवत्याल," मी म्हणालो. "भूक लागली की अबोला ऱ्हात न्हाई."

"ताट फुटेल," साहेब म्हणाले. "वळणाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापायचे. वळणाला वेगळी वायर, मध्ये स्विच. गाडी वळणात असताना स्विच फिरवायचा. आणि समज, चुकून जळलं नाही, तरी बाहेर पडताना इंजिनाला उलटी वीज मिळणार. ते मागं सरणार, पुढं येणारच नाही."

आता मी काय सांगू... ते रूळ मी बसवले होते. कांडीला कांडी अशी जुळवलेली की नखसुद्धा अडकू नये. ते कापायचे? मी म्हणालो, "पाटाला वळान दिलं म्हनून कुनी पाट फोडत न्हाई. पानी आपसूक वळतंय."

"वीज म्हणजे पाणी नव्हे."

"पान्यावरच तर व्हतीया न्हवं, मुळशीच्या धरनात?"

त्यावर ते हसले, पण मी काही हसण्यासाठी बोललो नव्हतो. पुढं दोन महिने हेच चाललं. रूळ टाकून झाले, वायरी झाल्या, डोंगर झाला. फ्यूज म्हणून वायरीतली केसासारखी एक तार लावायची. वीज सोडायचं हँडल पुढं केलं की ती तार फट् करून जळायची. साहेब म्हणायचे काप, मी म्हणायचो न्हाई. कुठंतरी सांधा सैल असंल, कुठंतरी वायर सोललेली असंल, हुडकतो. शेवटी एका गुरुवारी ते चिडले. "अरे, चाळीस वर्षं मी हेच केलं. तू तीन वर्षं स्लीपर घासलेस."

मीपण चिडलो. "तुमची अक्कल कागदावरची हाय. मी रूळ कापनार न्हाई."

"मग राहू दे," ते म्हणाले. "असंच राहू दे."

शनिवारी पहाटे साहेब झोपेतच गेले.

दिवसवार सगळे झाले. मुंबईहून मुलगा आला होता, तो परत गेला. बाई घरात एकट्या. सोमवारी मी मागच्या खोलीत झाडत होतो, तर बाई दारात. तीन वर्षांत त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. रेल्वेला त्या सवत म्हणायच्या. आत आल्या, खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या.

"म्हादू, ही चालते का रे?"

"अजून न्हाई, बाई."

"का?"

खरं सांगायला तोंड उघडलं, पण जीभ वळली नाही. "वायरीचं थोडं ऱ्हायलंय."

"रविवारी मुलगा येतोय. मला घेऊन जाणार. हे सगळं मुंबईला कुणाला तरी द्यायचं ठरवलंय त्यानं, लॉरीसुद्धा सांगितलीय." रुळावरून त्यांनी बोट फिरवलं. "ते रोज म्हणायचे, एकदा येऊन बघ. मी आले नाही. रविवारच्या आत एकदा मला चालवून दाखव."

"दाखवतो," मी म्हणालो. आणि मी बोललो की बोललो, हे बाईंनाही माहीत होतं.

सोमवार, मंगळवार, बुधवार. बागेला पाणी घातलं की मी खोलीत. सांध्याची एकेक कांडी काढून घासून परत बसवली. खालच्या सगळ्या वायरी सोडल्या, नव्यानं ओढल्या. लाल तिथं काळी केली. सांध्याच्या बुडाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. हँडल पुढं केलं की फट्. एकदा हट्टानं जाड तार फ्यूजला लावली, तर वायरीचं रबर वितळून फळीला डाग पडला आणि माझं बोट भाजलं. दुसऱ्या बोटांनी काम केलं.

आमच्या कुंपणाला लागून भिवा धनगर शेरडं चारायचा. माझ्याच वयाचा, तोंडाचा फटकळ. रोज खिडकीत येऊन उभा राहायचा.

"म्हादबा, आज किती जाळल्यास?"

"तुला काय करायचंय?"

"न्हाई, म्हनलं हिवाळा आलाय, शेकायला येत जातो." मग गजाला कपाळ टेकून म्हणाला, "साहेब सांगून गेल्यात न्हवं, काप म्हनून? काप की मर्दा. दोन घाव आन मोकळा हो. मेलेल्या मानसापुढं छाती कशाला फुगवतोस? त्याला काय दिसतंय?"

"दिसत न्हाई म्हनूनच." हातातलं काम मी खाली ठेवलं. "ते असताना कापला असता तर हारलो असतो, त्यांनी चार शब्द सुनवलं असतं, मिटलं असतं. आता त्यांच्या माघारी गुपचूप कापायचा आन बाईंना म्हनायचं बगा मी चालवली? ती चोरी हाय."

"आन न्हाई चालली तर?"

मी फ्यूजला नवी तार लावायला घेतली.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. शुक्रवारी मी धातू कापायची करवत, हॅक्सॉ, घेऊन वळणापाशी गेलोसुद्धा... पातं रुळावर ठेवलं आणि उचललं. ज्या माणसाला तोंडावर तुमची अक्कल कागदावरची म्हणालो, त्याची अक्कल त्याच्या मागं उचलायची कशी? हॅक्सॉ परत खुंटीला लावला.

शनिवारी दुपारी साडेतीनला बाई आल्या. चार वाजता बोलावतो म्हणालो होतो, पण त्या आधीच आल्या. स्टुलावर बसल्या, लुगड्याचा पदर नीट केला, हात मांडीवर ठेवले. पाहुण्याकडं बसावं तशा. खिडकीत भिवा. फ्यूजला मी नुकतीच एक तार लावली होती.

"दाखव," बाई म्हणाल्या.

चालणार नाही हे मला माहीत होतं. त्या वेळेला माझ्याइतकं पक्कं ते कुणालाच माहीत नव्हतं. मनाशी ठरवलं होतं, जळली की बाईंच्या पुढं सगळं कबूल करायचं. हँडल धरलं, अर्ध्यावर नेलं, आणि फट् ऐकायला कान दिले.

आवाज झाला नाही.

इंजिन थरथरलं आणि निघालं. मागं तीन डबे. खिडकीपासून पलीकडं अठरा फूट — मी आखलेल्या तासावरून, सरळ. सांध्यावर चाकं वाजली आणि गाडी वळणात शिरली. डोंगराच्या मागं गेली, दिसेनाशी झाली, नुसता आवाज. आणि तिथं तो आवाज सावकाश झाला. वळणावर जाणता ड्रायव्हर गाडी आवरतो तसा. हँडल माझ्या हातात होतं, अर्ध्यावर, आणि मी ते केसभरही हलवलं नव्हतं.

मग डोंगराच्या दुसऱ्या अंगानं इंजिनाचं तोंड बाहेर आलं. खट्-खट् करून सांधा ओलांडला. थांबलं नाही, मागं सरलं नाही. त्याच रुळावरून इकडं आलं, हळूहळू, आणि फळीच्या टोकाला वीतभर अंतर ठेवून बाईंच्या पुढं उभं राहिलं. हँडल अजून अर्ध्यावरच होतं. मी दुसरा हात खालच्या वायरीला लावला. रोज तिला हात लावला की चटका बसायचा. ती गार होती, विहिरीतल्या दोरासारखी.

भिवाची शेरडं बागेत शिरून जास्वंद खात होती, ती हाकलायचं त्याला सुचलं नाही, मलाही नाही.

बाईंनी इंजिनावर तळवा ठेवला. पोराचा ताप बघावा तसा. आणि म्हणाल्या, "इतका वेळ लागतो होय?"

माझ्याकडं बघून नाही म्हणाल्या. मग उठल्या आणि आत गेल्या.

त्या गेल्यावर हँडल मागं घेतलं आणि पहिलं काम काय केलं असेल तर रूळ तपासले. विजेरीचा सेल आणि छोटा बल्ब घेऊन या रुळावर एक टोक, त्या रुळावर दुसरं. बल्ब लागला. म्हणजे डावा उजव्याला भिडलेलाच होता. बोट फिरवलं, कुठं फट नाही, तडा नाही. फ्यूजची तार बघितली, शाबूत.

"परत लाव बगू," भिवा म्हणाला.

हँडल पुढं केलं. फट्. नवी तार लावली. फट्. आणखी तीन वेळा केलं. पाचही जळल्या.

"मग आत्ता कशी चालली?"

"ठावं न्हाई."

भिवा जन्मात पहिल्यांदा काही न बोलता गेला. शेरडंसुद्धा मीच हाकलून दिली.

पुढं इतक्या वर्षांत मी हे तिघा जाणत्यांना विचारलं. गॅरेजातला वायरमन म्हणाला, बॅटरी उतरली असेल, तार जाळण्याइतका जोर नसेल. मग पाच मिनिटांनी पाच तारा कुणी जाळल्या? रेल्वेतलाच एक ओळखीचा निघाला, तो नुसता हसला. माझा पुतण्या इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "काका, धूळ बसून कुठंतरी कॉन्टॅक्ट तुटला असेल, म्हणून शॉर्ट झालं नाही." मी म्हणालो, बरं, धरलं. पण मग बाहेर पडताना सांध्यावर गाडी उलटी का नाही फिरली? त्यानं कागदावर काढून बघितलं. दोनदा काढलं. मग म्हणाला, इतक्या वर्षांचं आहे, तुम्ही काहीतरी विसरत असाल.

मी विसरत नाही. त्या खोलीतला एकेक खिळा सांगतो, बसा ऐकत.

लोक विचारतात, साहेब आले होते का? मला ठाऊक नाही. मला कुणी दिसलं नाही, वास आला नाही, अंगावर काटा आला नाही. आले असते तर आधी मला दोन शिव्या दिल्या असत्या, तो त्यांचा स्वभाव. उलगडा मला झालेला नाही आणि आता या वयात कुणी करून देईल असंही वाटत नाही. एवढंच सांगतो, की जी गोष्ट मला सहा दिवस राबून जमली नाही, ती त्या दुपारी एकदाच झाली, आणि बाईंनी ती माझी म्हणून धरली नाही. मीही धरली नाही.

त्या दिवशी मी जेवलो, झोपलो. झोपही लागली.

रविवारी सकाळी, लॉरी यायच्या आधी, मी मागच्या खोलीत गेलो आणि खुंटीवरचा हॅक्सॉ काढला. वळणाच्या अलीकडच्या टोकाला पातं टेकवलं, हात स्थिर केला आणि डावा रूळ कापला. सावकाश, कडेला ओरखडा येऊ न देता. मग उजवा. पितळेचा भुसा फळीवर पडला, तो फुंकला नाही. पलीकडच्या टोकाचा डावा कापला तेव्हा बाई दारात उभ्या होत्या. प्रवासाचं लुगडं नेसलेल्या.

"अरे, काल चालली ना? मग आता कशाला कापतोस?"

"काल माज्यामुळं न्हाई चालली, बाई," मी म्हणालो. आणि मग मोठ्यानं, सगळ्या खोलीत ऐकू जाईल असं, "साहेब म्हनत व्हते तेच बराबर व्हतं. रूळ कापायलाच पायजे व्हता."

बाई आत आल्या, स्टूल ओढून बसल्या.

मी चौथा रूळ कापायला घेतला.